लाल मोजे, करडं फ्लॅनेल

बेसबॉलच्या जुन्या संघांची नावं वाचताना सारखे मोजे भेटतात. सिनसिनाटीचे रेड स्टॉकिंग्ज, शिकागोचे व्हाइट स्टॉकिंग्ज, सेंट लुइसचे ब्राउन स्टॉकिंग्ज. पुढे बॉस्टनचे रेड सॉक्स, शिकागोचेच व्हाइट सॉक्स. आणि १९४३मध्ये अमेरिकेत बायकांची व्यावसायिक लीग उभी राहिली तेव्हा साउथ बेंड गावचे ब्लू सॉक्स. संघाला वाघसिंहांचं नाव द्यायची रीत आपल्या ओळखीची आहे. पायातल्या मोज्याचं नाव इतक्या अभिमानानं मिरवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. त्या काळी सदरा, पँट, टोपी हे सगळं मागावरच्या कापडाचं, शिवलेलं असे. सुयांवरच्या विणीचे होते ते मोजे. हातात सुया धरणाऱ्या कुणालाही या गणवेशाकडे आपलेपणानं पाहायला एवढं कारण पुरेसं आहे. हे पुस्तक त्या आपलेपणातूनच आलं आहे.

बेसबॉल कधी न पाहिलेल्या वाचकांनीही यातले नमुने विणायला घ्यावेत अशी माझी इच्छा आहे, म्हणून खेळाबद्दल जरुरीपुरतंच सांगते. दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू. चेंडू फटकावला की ओळीनं तीन बेस गाठून पुन्हा सुरुवातीच्या जागी पोचायचं. बेस जवळ आला की धावणारा खेळाडू अंग झोकून देतो आणि मातीत घसरत पाय टेकवतो. गणवेश असा का झाला याचं निम्मं उत्तर या धावण्या-घसरण्यात आहे.

मी राहते त्या न्यू जर्सीत होबोकेन नावाचं गाव आहे. तिथल्या एलिझियन फील्ड्स मैदानावर १९ जून १८४६ला न्यूयॉर्कचा निकरबॉकर क्लब आणि न्यूयॉर्क नाइन यांच्यात सामना झाला, आणि निकरबॉकर २३-१ असे हरले. याच क्लबनं १८४९मध्ये आपला गणवेश ठरवला: निळी लोकरी पँट, पांढऱ्या फ्लॅनेलचा सदरा आणि गवताची हॅट. हा पोशाख पाहून कुणी त्यांना मैदानाऐवजी नदीकाठच्या सहलीला निघालेले समजलं असतं. पँट घोट्यापर्यंत लांब होती आणि मोजे तिच्याखाली झाकलेले. ते बाहेर आले सिनसिनाटीत. तिथल्या संघानं १८६८च्या सुमारास गुडघ्याखाली आवळलेली तोकडी पँट घेतली आणि खाली भडक लाल मोजे चढवले. पुढच्याच वर्षी, १८६९मध्ये, हा संघ उघडपणे पगार घेऊन खेळणारा पहिला संघ ठरला. गावोगाव फिरला आणि वर्षभर एकही सामना हरला नाही. तसे पाय उघडे टाकणं कित्येकांना असभ्य वाटलं असणार, पण जिंकणाऱ्या संघाचं अनुकरण व्हायला वेळ लागत नाही. थोड्याच वर्षांत सगळे तोकड्या पँटीत दिसू लागले.

त्या संघाचा सूत्रधार हॅरी राइट इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये जन्मलेला. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू, आणि तो स्वतःही आधी क्रिकेटच खेळला. आपल्या वाचकांना हा दुवा जवळचा वाटेल. क्रिकेटचा पांढरा स्वेटर आपण सगळ्यांनी पाहिलाय: अंगभर पिळाची वीण, गळ्याला आणि कमरेला क्लबच्या रंगाच्या पट्ट्या. बेसबॉलचा स्वेटर त्याच्याहून खूप साधा आहे, जवळजवळ कामकऱ्याच्या कपड्यासारखा. त्याच्याकडे मी पुढे येते.

मोज्यांचं महत्त्व किती होतं ते १८८२च्या एका प्रयोगावरून कळतं. नॅशनल लीगनं त्या वर्षी सदऱ्याचा आणि टोपीचा रंग संघावरून न ठरवता खेळाडूच्या मैदानावरच्या जागेवरून ठरवला. म्हणजे कुठल्याही संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) असो, त्याचा सदरा मरूनच. मग संघ ओळखायचा कसा? मोज्यांवरून. बॉस्टनचे लाल, शिकागोचे पांढरे, ट्रॉयचे हिरवे, वुस्टरचे तपकिरी. मैदानावर समोरासमोरच्या दोन खेळाडूंचे सदरे एकसारखे, आणि आपला कोण, परका कोण हे पाहायला नजर पोटरीपाशी न्यायची! हंगाम संपायच्या आत हा बेत गुंडाळला गेला. त्याचं मला नवल वाटत नाही. पण ज्या लोकांनी तो आखला त्यांचा भरवसा एका विणलेल्या नळीवर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या मोज्यांत पुढे एक बदल झाला, आणि विणणाऱ्याच्या दृष्टीनं तो सगळ्यांत रंजक आहे. खेळाडूंच्या बुटांना तळाशी लोखंडी दाते असत. घसरत येणाऱ्याचा बूट समोरच्याच्या नडगीला लागला की मोजा फाटून जखम व्हायची. मोज्याचा रंग जखमेत उतरून विषबाधा होते अशी तेव्हा समजूत होती. १९०५मध्ये क्लीव्हलंडचा नामांकित खेळाडू नॅप लाजवे याला अशाच जखमेतून रक्तदोष झाला आणि ही धास्ती आणखी वाढली. बॉस्टनच्या जुन्या संघानं १९०७मध्ये लाल मोजे सोडून दिले त्यामागेही हीच भीती होती. गावातल्या दुसऱ्या संघाचा मालक जॉन टेलर यानं तो रिकामा झालेला लाल रंग उचलला, आणि १९०८च्या हंगामापासून त्याचा संघ रेड सॉक्स झाला.

रंगाची भीती वाटते, पण रंग तर हवा, यावर तोड निघाली ती अशी. आत न रंगवलेला पांढरा मोजा, वर रंगीत मोजा. दोन मोजे घातले तर बूट आवळतो, म्हणून वरच्याचं पाऊल काढून टाकलं आणि तळव्याखालून जाणारी नुसती एक पट्टी ठेवली. या पुस्तकात त्याचा नमुना आहे, आणि तो दिसतो त्याहून सोपा आहे. गुडघ्याखालून सुरुवात करून गोल विणत घोट्यापर्यंत यायचं. तिथे पुढचे आणि टाचेकडचे टाके बंद करायचे. दोन बाजूंना थोडेथोडे टाके उरतात. एका बाजूच्या टाक्यांवर अरुंद पट्टी विणत ती तळव्याखालून न्यायची आणि पलीकडच्या टाक्यांना जोडायची. टाच वळवायची नाही, चवडा मिटवायचा नाही. बाळंतविड्यातले इवलेसे मोजे ज्यांनी विणले आहेत त्यांना तर हा खेळ वाटेल.

खरी कसोटी लागते ती पट्ट्यांना. गोल विणताना फेरा जिथे संपतो तिथे नवा रंग जुन्यापेक्षा एक पायरी वर चढतो, आणि आडवी पट्टी त्या जागी तुटल्यासारखी दिसते. त्यावर उपाय असा: नव्या रंगाचा पहिला फेरा नेहमीसारखा विणा. दुसऱ्या फेऱ्याच्या पहिल्या टाक्याला त्याच्या खालचा, जुन्या रंगाचा टाका सुईवर उचलून घ्या आणि दोन्ही एकत्र सुलट विणा. पायरी जवळजवळ मिटते. फेऱ्याची सुरुवात पोटरीच्या मागे ठेवली तर उरलीसुरली खूणही कुणाला दिसत नाही.

आता सदऱ्याकडे वळू. तो लोकरी फ्लॅनेलचा, म्हणजे मागावरच्या कापडाचा. घाम शोषून जड व्हायचा, धुतला की आटायचा. सुरुवातीचे सदरे स्वयंसेवक बंबवाल्यांच्या सदऱ्यांसारखे होते. छातीवर ढालीच्या आकाराचा पदर, कडेनं बटणं. नंतर नाडीनं आवळायचे गळे आले, मग उभी कॉलर, मग बिनकॉलरचा गळा. शिकागो कब्जनी १९४०मध्ये बिनबाह्यांचा सदरा काढला. त्याच्या आत रंगीत बाह्यांचं बनियन घालायचं, म्हणजे अंग एका रंगाचं आणि हात दुसऱ्या. मानेपासून खाली विणत येणारा रॅग्लन बाह्यांचा स्वेटर ज्यांना येतो त्यांच्या हे चटकन लक्षात येईल, कारण अंग आणि बाही यांच्यामधली तिरपी रेघ तिथे आपोआप पडते. रंग बदलायला त्याहून चांगली जागा नाही.

पण फ्लॅनेलची प्रत्येक गोष्ट सुयांवर अशी आपोआप येत नाही, आणि येते असं दाखवणारे नमुने मला पटत नाहीत. उभ्या बारीक रेघांचंच पाहा. न्यूयॉर्क यँकीजचा रेघांचा सदरा जगभर ओळखला जातो. गाजलेला फटकेबाज बेब रूथ याचं पोट झाकायला त्या रेघा आणल्या असं लोक सांगतात, ते खरं नाही. या संघानं त्या १९१२मध्ये पहिल्यांदा घातल्या, १९१५पासून कायम ठेवल्या, आणि रूथ या संघात आला १९२०मध्ये. मागावर उभी रेघ सोपी असते. ताण्यात ठरावीक अंतरावर रंगीत सूत भरलं की ठाण संपेपर्यंत रेघ चालत राहते. आपली वीण मात्र आडवी जाते. आडवी पट्टी आपल्याला फुकट मिळते, उभ्या रेघेसाठी झगडावं लागतं.

त्याचे तीन मार्ग मी करून पाहिले. पहिला, दर आठव्या टाक्याला रंगीत धागा घ्यायचा आणि मधल्या सात टाक्यांच्या मागून तो लोंबता न्यायचा. त्यानं आतून जाळं होतं. अंगठी अडकते, आणि धागा जरा घट्ट ओढला गेला की कापड चुण्या धरतं. दुसरा, अंग आडवं विणायचं, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. विणताना पट्ट्या आडव्या असतात, घातल्यावर उभ्या होतात. दिसायला हे सुरेख, पण विणीचा ताण जास्त असतो तो ओळीच्या दिशेनं. ती दिशा उभी झाली की स्वेटर स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो, आणि वर्षभरात त्याचा झगा होतो. तिसरा मार्ग या पुस्तकात घेतला आहे. सात सुलट, एक उलट असं सगळं अंग एकाच रंगात विणा. उलट टाक्यांचे उभे चर तयार होतात. तुकडा धुऊन, ताणून, वाळवून झाल्यावर बारीक क्रोशाच्या सुईनं त्या चरातून रंगीत धाग्याची साखळी खालून वर ओढत न्या. रेघ चरात बसते, सरळ राहते, आणि कापडाचा लवचीकपणा जात नाही. साखळी सैल ठेवा; घट्ट झाली तर समोरचं अंग आखूड होतं. वेळ लागतो हे खरं, पण या पुस्तकातलं सगळ्यांत समाधानाचं काम हेच, असं मी मनापासून सांगते.

अक्षरांचंही असंच. कपड्यावर अक्षर मिरवायची सुरुवात कॉलेजांतून झाली. हार्वर्डच्या बेसबॉल संघानं १८६५मध्ये करड्या फ्लॅनेलच्या सदऱ्यावर ‘एच’ हे अक्षर भरलं. पुढे व्यावसायिक संघांनी फेल्टची अक्षरं कापून शिवली, तर सेंट लुइस कार्डिनल्सनी १९२२मध्ये बॅटवर बसलेले दोन लाल पक्षी छातीवर भरले. आपल्याला अक्षर विणीत आणायचं असेल तर एक गणित आधी लक्षात घ्यावं लागतं. टाका रुंद असतो आणि बुटका. साधारण मध्यम लोकरीत १० सेंटिमीटरला २० टाके बसतात, पण ओळी लागतात २८. चौकटीच्या साध्या कागदावर काढलेलं अक्षर तसंच विणलं तर ते दबून बसकं होतं. म्हणून इथले सगळे आराखडे टाक्याच्या मापाच्या चौकटींवर काढले आहेत. मोठं, सरळ रेघांचं अक्षर असेल तर रंगीत गुंडाळ्या वेगवेगळ्या ठेवून विणा. डेट्रॉइटच्या ‘डी’सारखं वळणावळणाचं अक्षर असेल तर आधी साधं विणून घ्या आणि टाक्यावर टाका भरत वरून काढा.

आणि आता स्वेटर. वसंताच्या तोंडावर बेसबॉलचा हंगाम सुरू होतो तेव्हा शिकागो, बॉस्टन, डेट्रॉइट चांगलीच गारठलेली असतात. चेंडू टाकणाऱ्याचा खांदा थंड पडून चालत नाही, बाकावर बसलेल्यांनाही ऊब लागते. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाड लोकरीचे, पुढून उघडे, मोठ्या कॉलरचे स्वेटर आले. बेन न्यूज सर्व्हिस या छायाचित्रसंस्थेच्या काचेच्या प्लेट्स वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपल्या आहेत. त्यांत हे स्वेटर घातलेले खेळाडू पुष्कळ दिसतात. कॉलर कानापर्यंत चढलेली, खिसे हात खुपसून खुपसून लोंबलेले, कोपरं फुगलेली. या स्वेटरांवर नक्षी नाही, पीळ नाही. जाडजूड उठावाची रिब, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, फार तर छातीवर एक अक्षर. माझ्या मते संपूर्ण गणवेशात डौल आहे तो या कपड्यातच. पुस्तकाचा मधला, सगळ्यांत मोठा भाग मी त्याला दिला आहे. त्याच्या कॉलरसाठी अर्ध्या ओळी विणून मागे वळायचं तंत्र लागतं. ते पायरीपायरीनं दाखवलं आहे, कारण कॉलर मानेमागे उंच आणि पुढे निमुळती झाली नाही तर हा स्वेटर नुसता बटणांचा झंपर दिसतो.

जुनी छायाचित्रं पाहून रंग ठरवणाऱ्यांना मात्र सावध करायला हवं. त्या काळच्या प्लेट्सना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल तिथे काळाभोर उमटतो आणि निळा फिका पडतो. फोटोतला काळा मोजा प्रत्यक्षात लाल असू शकतो, आणि पांढुरका वाटणारा स्वेटर आकाशी. सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी खेळाडूंची रंगीत चित्रं छापणाऱ्यांनी रंगवलेली, तेव्हा त्यांच्यावरही सरसकट भरवसा ठेवता येत नाही. मार्क ओकोनन यांनी १९९१मध्ये विसाव्या शतकातल्या गणवेशांवर ग्रंथ काढला. त्यात वर्षवार, संघवार चित्रं आहेत, आणि या विषयात काम करणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे. माझे रंग मी त्यावरून आणि सिएटलच्या एबेट्स फील्ड फ्लॅनेल्सनं १९८८पासून खऱ्या लोकरी फ्लॅनेलात शिवलेल्या प्रतिकृतींवरून ताडून घेतले आहेत. पांढऱ्या लोकरीबद्दल एक सूचना: दुधाळ, किंचित पिवळसर पांढरा घ्या. घरच्या मैदानावरचा जुना पांढरा सदरा कधी निळसर शुभ्र नव्हता. बाहेरगावी घालायच्या करड्या सदऱ्यासाठी दोन छटा मिसळलेली लोकर घ्या, एकरंगी करडी मेल्यासारखी दिसते.

बायकांच्या लीगबद्दल माझ्या मनात दोन भावना आहेत. च्युइंग गमच्या धंद्यातले फिलिप रिग्ली यांनी १९४३मध्ये ती सुरू केली, १९५४पर्यंत ती चालली. रॉकफर्ड पीचेस, रसीन बेल्स, केनोशा कॉमेट्स, साउथ बेंड ब्लू सॉक्स हे पहिले चार संघ. पोशाख एकसंध, आखूड घेराचा, छातीवर मधोमध गावाचं गोल बोधचिन्ह. दिसायला तो देखणा आहे यात शंका नाही. पण खेळताना उघड्या मांड्यांनी मातीत घसरायचं, आणि कातडी सोलून निघायची. मुलींनी देखणं दिसावं हा आग्रह ज्यांनी धरला त्यांना घसरायचं नव्हतं. तो घेर मी या पुस्तकात घेतलेला नाही. गोल बोधचिन्हाची मांडणी घेतली आहे आणि पीच रंग घेतला आहे. त्या खेळाडूंनी तो मान कमावला आहे.

कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगमध्ये खेळू देत नसत, त्या काळातल्या त्यांच्या संघांचेही नमुने इथे आहेत. रूब फॉस्टर यांनी १९२०मध्ये कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि पिट्सबर्गजवळचे होमस्टेड ग्रेज यांचे गणवेश कुणाहूनही कमी रुबाबदार नव्हते. त्यांचं अक्षर अंगावर घालणाऱ्यानं ते संघ कुणाचे होते हे माहीत करून घ्यावं, म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत संघाची माहिती दिली आहे. याउलट अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची टिंगल करणारी जुनी बोधचिन्हं मी पूर्णपणे गाळली. क्लीव्हलंडनं तसं हसरं मुखवटाचित्र २०१८नंतर गणवेशावरून काढलं आणि २०२२पासून संघाचं नावही बदललं. कुणाला ते चित्र जुनेपणाची खूण म्हणून हवंसं वाटेल, पण ते विणायला मी कुणाला शिकवणार नाही.

पुस्तक १९७०पाशी थांबतं. त्या वर्षी १६ जुलैला पिट्सबर्ग पायरेट्स आपल्या नव्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर उतरले ते यंत्रावर विणलेल्या, कृत्रिम धाग्याच्या डबल-निट कपड्यांत. तीन वर्षांत फ्लॅनेल सगळीकडून गेलं. सदराही शेवटी विणलेला झाला, पण त्या गुळगुळीत कापडात हातांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पट्ट्यांच्या गोल, चपट्या टोप्या पायरेट्सनी १९७६मध्ये नॅशनल लीगच्या शताब्दीनिमित्त पुन्हा घातल्या, तो एवढा अपवाद मी केला आहे. ती टोपी सुयांवर फार छान उतरते.

लोकर कुठली घ्यायची, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरवा. इकडे थंडीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी जाड, शुद्ध लोकर घ्यावी. ज्या मराठी घरांतली मुलं लिटल लीगमध्ये खेळतात तिथे ती एप्रिलभर कामाला येईल. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्याला अर्धं सूत, अर्धी लोकर पुरते. मुंबई, कोकण, गोव्यात सुतीच घ्या आणि बिनबाह्यांचा सदरा विणा. सुती धागा ताणून परत येत नाही, म्हणून कमरेची आणि गळ्याची पट्टी एक नंबर बारीक सुईवर विणा.

शेवटी मापाबद्दल. जुने गणवेश ढगळ असत. छातीच्या मापापेक्षा १२ ते १५ सेंटिमीटर जास्त धरूनच इथली मापं दिली आहेत, त्यामुळे आपलं नेहमीचं माप घ्या, वर आणखी वाढवू नका. स्वेटरच्या पुढच्या पट्टीसाठी कडेवरून टाके उचलताना दर चार ओळींना तीन टाके उचला. चार उचलले तर पट्टी लाटेसारखी फुगते, दोन उचलले तर खालचा कोपरा वर ओढला जातो. आणि बटणं विणकाम पूर्ण झाल्यावर, कपडा हातात घेऊन निवडा. जाड लोकरीला बारीक बटण टिकत नाही.